शेंदराची रेघ

दिनानाथ टेंब्यांच्या गाडीतून स्टेशनला जायचं तर पैसे पडत नसत, पण कान द्यावे लागत. लालबाग राजवाड्याच्या मागे त्यांची कॉलनी. तिथल्या अठरा-वीस मराठी घरांतलं कुणीही पुण्याला, नागपूरला, नाहीतर नुसतं जवळच्या उज्जैनला निघालं, की आदल्या दिवशी टेंब्यांकडे निरोप जाई, आणि गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी त्यांची ती एके काळी पांढरी, आता दह्याच्या रंगाची झालेली मोटार दारात उभी. पुढचा अर्धा तास टेंबे बोलत. नगर निगम, जावई, खोकला, रेल्वेतल्या उशा, तुमच्या मुलाने घेतलेला फ्लॅट महाग कसा पडला, तुमच्या बॅगेचं हँडल यंदा का तुटणार आहे. उलट उत्तर दिलं तर गाडीचा वेग कमी होई, म्हणून शहाणी माणसं नुसतं "हो ना" म्हणत. उतरताना कुणी पाकीट काढलंच, तर टेंबे असे बघत, जणू त्या माणसाने खिशातून पाल काढली असावी.

वय त्र्याहत्तर. नोकरी कपड्याच्या मिलमध्ये, मेंटेनन्स फिटर म्हणून. मिल बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण टेंब्यांच्या मते ती बंद पडली नव्हती, पाडली होती, आणि त्यात यंत्रांचा काडीचाही दोष नव्हता. नंतर काही वर्षं पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये काढली. तिथे दोघा-तिघांना पाना धरायला शिकवलं आणि चौघांना कामावरून पळवून लावलं. घरात पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांचे नळ, देवळातली घंटा, काहीही बिघडलं की टेंबे स्वतः दुरुस्त करणार. दुरुस्त झालेली वस्तू चालायची, यात वाद नाही. दिसायची कशी, ते पद्मजाबाईंना विचारा. त्यांच्या मिक्सरचं झाकण गेली सहा वर्षं बिजागरीवर उघडत होतं.

गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, आणि घेतली ती एका गोष्टीपायी. तिचं स्टिअरिंग वर-खाली व्हायचं. खाली डाव्या हाताला एक खटका, तो ओढला की अख्खं चाक वर उचला नाहीतर मांडीवर आणा, खटका सोडला की घट्ट. कॉलनीत तेव्हा कुणाच्याही गाडीला हे नव्हतं. पहिले सहा महिने टेंब्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खटका दाखवला. दूध घालणाऱ्यालाही दाखवला. तो बिचारा म्हशींचा माणूस, त्याने मान डोलावली आणि माप थोडं कमी घातलं, असं पद्मजाबाई अजून सांगतात.

तर हेच स्टिअरिंग एका रविवारी सुरभीच्या मांडीवर पडलं.

सुरभी ही टेंब्यांची मुलगी. सिमरोलला त्या मोठ्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत ऑफिसात काम करायची, तिथेच राहायची, आणि रविवारी आईवडिलांकडे यायची. इंजिनिअरिंगच्या संस्थेत आहे म्हणजे यंत्रातलं कळतं असं समजू नका, ती फाइली बघते, असा खुलासा टेंबे न विचारता करत. त्या रविवारी ती बाबांची गाडी घेऊन भाजी आणायला गेली आणि लालबागच्या वळणावर, भर गर्दीत, हातातलं चाक खटकन खाली आलं. वर धरलं तर वर, सोडलं तर खाली, शिवाय डावी-उजवीकडे हलतं ते वेगळंच. समोरून ई-रिक्शावाला येत होता. त्याने हिला जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चूक त्याची नव्हती.

घरी आली ती पांढरीफटक. टेंबे पेपर वाचत होते. ते म्हणाले, टिल्ट आहे, टिल्ट होणारच, त्याचं कामच आहे वर-खाली व्हायचं.

"बाबा, मी सांगेन तेव्हा," सुरभी म्हणाली. "त्याला वाटेल तेव्हा नाही."

मग बाहेर आलं की टेंब्यांना हे ठाऊक होतं. चांगलं दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. चाक हलायला लागलं तेव्हा त्यांनी पेढ्याच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून फटीत ठोकला होता, आणि तो निसटू नये म्हणून वरून पद्मजाबाईंच्या परकराची नाडी आवळली होती. सुरभीने वाकून बघितलं तर पुठ्ठा पायाशी पडलेला आणि नाडी लोंबत होती. पद्मजाबाईंना दुःख स्टिअरिंगचं नव्हतं. ती नाडी त्या दोन महिने शोधत होत्या.

सुरभी आवाज चढवणाऱ्यातली नाही, म्हणून तर टेंबे तिला वचकून असत. तिने शांतपणे सांगितलं, पुढच्या रविवारी मी येईन. स्टिअरिंग दगडासारखं घट्ट असलं तर गाडी तुमची, चालवा खुशाल. नसलं तर त्याच दिवशी भंगारवाल्याला फोन करायचा, आणि मग दुसरी गाडी वगैरे काही नाही, लागेल तेव्हा टॅक्सी बोलवायची. टेंब्यांनी हसून सोडून दिलं. पण ती गेल्यावर बराच वेळ त्यांच्या हातातल्या पेपराचं पान काही उलटलं नाही. टॅक्सी! टॅक्सीत हे मागे बसणार आणि बोलणार तो ड्रायव्हर. गाडी गेली की स्टेशनचे निरोप गेले, निरोप गेले की दारावर येणारं माणूस गेलं, मग उरले ते, बिजागरीवाला मिक्सर आणि पद्मजाबाई. आणि पद्मजाबाईंनी त्यांचं ऐकणं नव्वद सालीच सोडलं होतं.

सोमवारी सकाळी ते पोलोग्राउंडला विजयकडे गेले. विजय त्यांच्याच हाताखाली शिकलेला, पळवून न लावलेल्यांपैकी. आता त्याची स्वतःची शेड होती, पोटही सुटलं होतं, पण टेंबे दिसले की तो अजूनही तोंडातला गुटखा थुंकून यायचा. गाडी उघडायची नाही, मीच उघडणार, असं टेंब्यांनी आधीच बजावलं. त्यांना फक्त एक पाना हवा होता. स्टिअरिंग जिथून मोडतं तिथे आत चार बोल्ट असतात, वरचा भाग खालच्या दांड्याला धरून ठेवणारे. ते ढिले झाले की सगळंच डुगडुगतं. बोल्ट उलट्या चांदणीच्या डोक्याचे, साधा पाना त्यावर बसत नाही, आणि असला पाना विजयकडे होता.

विजयने पाना दिला, आणि खिडकीतून वाकून नुसतं बघितलं. चाक उजवीकडे, दाराच्या बाजूला कललेलं. वर कातड्याच्या कव्हरवर एक मूठभर जागा झिजून गुळगुळीत झालेली, बाकी कव्हर जसंच्या तसं. त्याने तिथे हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "काकाजी, गाडी चालवून इतकं ढीलं नाही होत. याला धरून रोज कुणीतरी उठतंय."

झालं! टेंब्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धरून उठतंय म्हणजे काय? ही काय लोकलची कडी आहे का आजारी माणसाची खाट? रस्ते कसे आहेत ते बघ, मेट्रोच्या नावाने सगळं शहर खोदून ठेवलंय, दणके बसून बोल्ट नाही का ढिले होणार? तुला शिकवलं ते सगळं पोटात गेलं तुझ्या. विजयने निळ्या गोंदाची एक छोटी बाटली पुढे केली, बोल्टच्या आट्यांना दोन थेंब लावायचे आणि चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही, मग बोल्ट हलत नाही. टेंबे म्हणाले, मिलमध्ये अडीचशे लूम होते, एकाही बोल्टला गोंद लावून चिकटवला नाही, आपण फिटर आहोत, पाकिटं चिकटवणारे कारकून नाही. आणि पाना घेऊन निघाले. विजयने बाटली हळूच त्यांच्या पिशवीत सरकवली.

मंगळवारी आठाला काम सुरू झालं. बॅटरीची तार काढली, हॉर्नची टोपी काढली, मधली चाकी सोडवली, पुलर लावून चाक उपटलं. एक स्प्रिंग उडाली ती कढीपत्त्याच्या कुंडीत सापडली. पद्मजाबाई दर तासाला दारात येऊन, जेवायला बसायचं का आत्ताच भंगारवाल्याला बोलवू, एवढंच विचारून जात. टेंबे ड्रायव्हरच्या सीटवर आडवे, डोकं खाली, पाय दाराबाहेर, आणि तोंडाने मिलमधल्या मॅनेजरपासून गाडी बनवणाऱ्या अज्ञात इसमापर्यंत सगळ्यांचा उद्धार चाललेला. चारही बोल्ट सापडले, चारही बोटाने फिरत होते. दोन सहज आवळले गेले, उरलेल्या दोघांपर्यंत जायला मनगट मुरडावं लागलं. दोन वाजता ते उठले तेव्हा चाक असं घट्ट, की हलवायला गेलं तर गाडी हलत होती.

आता विजयला खोटं पाडायचं राहिलं होतं. त्यासाठी त्यांनी देवघरातून शेंदराची डबी आणली.

ही डबी मिलची. तिथे मशीन शॉपच्या कोपऱ्यात एक मारुती होता, शनिवारी त्याला शेंदूर लागायचा, आणि वाटीत उरलेला शेंदूर हेड फिटर महत्त्वाच्या बोल्टांना लावायचा. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांना चुकतात, लांबूनही दिसतं. रेघ तुटलेली सापडली तर ज्याची पाळी होती त्याने मारुतीसमोर उभं राहून कबूल करायचं, मी हात लावला किंवा मी बघितलं नाही. मॅनेजरला खोटं सांगणारे पुष्कळ होते. मारुतीला कुणी सांगितल्याचं टेंब्यांना आठवत नव्हतं. मिलला टाळं लागलं त्या दिवशी लोक तांब्याची तार घेऊन गेले, कुणी ट्यूबलाइट नेल्या, टेंब्यांनी ही डबी उचलली.

चारही बोल्टांवर त्यांनी काडीने रेघा ओढल्या. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर मुद्दाम बसवलंच नाही, म्हणजे वाकलं की रेघा दिसल्या पाहिजेत. किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली. गाडी धुणाऱ्या सखुबाईला सांगून टाकलं, आतून पुसायची नाही, बाहेरून पाणी मारायचं आणि चालू लागायचं. तिचाही त्यांना संशय होता, सीटखालचं पुसताना चाकाला लोंबत असेल. संशय सुरभीवर होता, ती ब्रेक जोरात दाबते. संशय खड्ड्यांवर होता, नगर निगमवर होता. एका माणसाचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं, आणि ते का नव्हतं हे सांगायचं तर जरा घरात डोकवावं लागेल.

दोन वर्षांपासून टेंबे जमिनीवर जेवायला बसत नव्हते. फरशी गार लागते म्हणे, मे महिन्यातही. पूजा उभ्याने करत, देव वरच्या फळीवर हलवले होते, देवांना हवा लागावी म्हणून. न्हाणीघरात पाच हजारांचं कमोड बसवून घेतलं ते पाहुण्यांसाठी. पाहुणे वर्षातून दोनदा येत, कमोडवर रोज सकाळी पेपर घेऊन कोण बसतं हे पद्मजाबाईंना दिसत होतं. लग्नात थोरांच्या पाया पडायची वेळ आली की, सत्तरीनंतर आपल्याहून थोर कुणी उरत नाही, असं ते जाहीर करत. यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतःला पटवून दिली होती. गुडघा हा शब्द त्या घरात दोन वर्षांत उच्चारला गेला नव्हता. उच्चारला असता तर सुरभीने किल्ली मागितली असती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेजारच्या श्रीपादरावांच्या मुलाने तेच केलं होतं. हातात काठी दिली आणि स्कूटर विकली. श्रीपादराव आता फाटकाशी उभे राहून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे.

बुधवारी टेंब्यांनी त्याच श्रीपादरावांना डोळ्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं. दोनदा उतरले, दोनदा चढले. दुपारी बँक, संध्याकाळी भाजी. गुरुवारी सकाळी कॉलनीतल्या एका कुटुंबाला स्टेशनवर सोडलं, बॅगा उचलायला उतरले, परत बसले, वाटेत पेट्रोल, मग गिरणी, मग पद्मजाबाईंना भजनाला सोडायला आणि आणायला. चाक घट्ट होतं. त्यांनी विजयला फोन करून बोल्ट कसे आवळतात यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. शुक्रवारी सकाळी आणखी एक फेरी झाली, दारात गाडी उभी केली, आणि सहज म्हणून मोबाइलची बत्ती लावून वाकून बघितलं.

उजवीकडच्या दोन्ही रेघा तुटल्या होत्या.

टेंब्यांचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा पुसला. किल्ली नाडीला होती, रात्री झोपतानाही होती, पद्मजाबाईंनी त्यावरून दोन वेळा टोमणा मारला होता. सखुबाईने काचेला सुद्धा हात लावला नव्हता. या तीन दिवसांत गाडीत ड्रायव्हरच्या जागी दुसरं माणूस बसलंच नव्हतं. मग फिरला कसा? त्यांनी ठरवलं, पाना आणून पुन्हा आवळू. दार उघडलं, उजवा पाय बाहेर टाकला, आणि उठले.

म्हणजे उठायला लागले. डावा हात आपसूक वर गेला, चाकावरच्या त्या गुळगुळीत जागेवर मूठ बसली, अंगाचं सगळं वजन त्या मुठीवर आलं, आणि खालून बारीक आवाज आला. कट्.

ते तसेच अर्धवट थांबले. मग परत सीटवर टेकले. बत्ती खाली धरली, मूठ पुन्हा त्याच जागी ठेवली आणि पुन्हा उठायचा जोर केला. शेंदराचे दोन तुकडे त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी थोडे लांब गेले. टेंबे हात सोडून बसले. मग त्यांनी चाकाला हात न लावता उठून बघितलं. एकदा, दोनदा. गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांनी तोंडावर हात धरला, आत पद्मजाबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. उठता आलं नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा, दोन वर्षं, हा माणूस त्या स्टिअरिंगला लोंबकळून उभा राहत होता आणि शिव्या नगर निगमला देत होता.

त्यांना लाज वाटली. विजयला जे जे बोलले ते आठवून तर कान तापले. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. मशीन शॉपमधला तो कोपरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तीस वर्षांत त्यांची एकही रेघ तुटली नव्हती, मारुतीसमोर उभं राहायची वेळ आली नव्हती, आणि आली ती आता, जेव्हा नीट उभंही राहता येत नव्हतं.

शेवटी ते उठले कसे, तर जसे रोज उठत तसेच. दुसरा इलाज काय होता? बोल्ट पुन्हा उघडले. आटे झिजलेले होते, हे आता त्यांनी कबूल केलं. पिशवीच्या तळाशी ती निळी बाटली सापडली, तेव्हा त्यांनी विजयला फोन लावला आणि घसा खाकरून विचारलं, दोन थेंब म्हणजे बोल्टच्या टोकाला की मध्ये? विजयने सांगितलं, टोकाकडच्या आट्यांवर, आणि आधी पेट्रोलने पुसून कोरडं करा. कोण उठतंय ते त्याने विचारलं नाही. फोन ठेवताना मात्र म्हणाला, काकाजी, सावकाश होऊ द्या. चारही बोल्टांना गोंद लागला, चारही आवळले, चार नव्या रेघा ओढल्या. शनिवारी अख्खा दिवस गाडी जागची हलली नाही. एका घरून स्टेशनचा निरोप आला, टेंब्यांनी जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि कॉलनीभर बातमी झाली की टेंबेकाकांना बरं नाहीये.

रविवारी सुरभी आली ती सरळ गाडीकडेच गेली. चाकाला धरून वर-खाली, डावं-उजवं, सगळीकडे हिसके दिले. खटका ओढला, चाक उठलं. सोडला, चाक तिथेच रुतलं. मग टेंब्यांना शेजारी बसवून लालबागपर्यंत गाडी नेली आणि वळणावर मुद्दाम जोरात वळवली. स्टिअरिंग टसचं मस झालं नाही. ती हसली. गेल्या रविवारपासून पहिल्यांदा हसली असेल. म्हणाली, मानलं बाबा, आता परत तुम्हीच घ्या. त्यांनी जागा बदलली, आणि टेंबे घरापर्यंत गाडी घेऊन आले. अगदी लोण्यासारखी आणली. वाटेत त्यांनी एक अक्षर काढलं नाही, तेव्हाच खरं तर सुरभीला काहीतरी बिनसल्याचा वास यायला हवा होता.

गाडी दारात लागली. सुरभी उतरून पलीकडे गेली. पद्मजाबाई पदराला हात पुसत पायरीवर आल्या. दोघी बघत उभ्या, हे कधी उतरतात म्हणून. टेंब्यांनी दार उघडलं, उजवा पाय बाहेर ठेवला, डावा हात उचलला आणि तो वाटेतच थांबला. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर अजून बसवलं नव्हतं. खाली चार रेघा, ताज्या, सरळ, ओल्यासारख्या चमकत होत्या.

एकदा धरून उठलं तर रेघ तुटणार नव्हती, हे त्यांना फिटर म्हणून कळत होतं. गोंद चांगला होता. दोन महिने टिकला असता, कदाचित सहा. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी आरसा नीट केला. मग काच खाली-वर केली. मग डॅशबोर्डवरचा गणपती सरळ केला, तो आधीपासून सरळ होता. सुरभीने विचारलं, काय झालं बाबा, काही आवाज येतोय का?

त्यांनी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला.

"सुरभी," ते म्हणाले, "जरा हात दे. मला उठता येत नाही."

सुरभीची नजर चाकावरच्या त्या झिजलेल्या जागेवर गेली, तिथून खालच्या रेघांवर, आणि तिथून बाबांच्या गुडघ्यावर. फाइली बघणारी असली तरी मुलगी फिटरची होती. तिने पुढे येऊन दोन्ही हात दिले. टेंब्यांनी ते धरले, एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, आणि उभे राहिले. मागून पद्मजाबाईंचा आवाज आला, दोन वर्षं मी हात पुढे करतेय, तर मला म्हणे तू पडशील. आणि त्या डोळ्याला पदर लावून आत निघून गेल्या, गॅसवर काही नसताना.

"ब्रेक दाबताना दुखतो?" सुरभीने विचारलं.

"दाबताना नाही," टेंबे म्हणाले. ते खरं सांगत होते, आणि खरं सांगायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज बारीक झाला होता. "उठताना."

मग त्यांनी पायजम्याच्या नाडीची गाठ सोडायला घेतली. किल्ली आत्ता गाडीला लावलेली आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नाडीशी झटापट करत ते तसेच मान खाली घालून उभे राहिले. सुरभीने वाकून गाडीतून किल्ली काढली. ती हातात धरून तिने मोबाइलची बत्ती लावली, आत डोकं घातलं आणि चारही रेघा एकेक करून बघितल्या. लहानपणी कधीतरी मिलच्या आयुधपूजेला तिला बाबांनी खांद्यावर बसवून अशाच रेघा दाखवल्या होत्या, तेव्हा तिला तो रंगाचा खेळ वाटला होता. चारही सरळ होत्या. ती बाहेर आली आणि किल्ली तिने टेंब्यांच्या तळहातावर ठेवली.

"मंगळवारी मी सुट्टी घेते," ती म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. गाडी तुम्ही काढा, उतरवायला मी आहे. पुढचं डॉक्टर काय म्हणतील त्यावर."

टेंब्यांनी किल्लीभोवती मूठ मिटली. नाक शर्टाच्या बाहीला पुसलं, आणि मुलीच्या खांद्यावर भार देऊन पायऱ्यांकडे निघाले. पहिल्या पायरीवर थांबले.

"मंगळवारी त्या बाजूला फार गर्दी असते," ते म्हणाले. "शिवाय मेट्रोवाल्यांनी सगळं खोदून ठेवलंय. आपण मागून जाऊ."

"हो ना," सुरभी म्हणाली.